धाकटीचा कप्पा

दादाचा फोन आला तेव्हा मी आधी बाबांची तब्येत विचारली. भांडण झाल्यापासून त्याने स्वतःहून फोन केल्याचं मला आठवत नव्हतं, त्यामुळे काहीतरी बरंवाईट झालं असणार असं मी धरून चालले. बाबा ठणठणीत होते. आजारी कंप्यूटर होता.

"तू आता त्याच लाइनमध्ये आहेस ना," दादा म्हणाला.

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या कंप्यूटर विभागात काम करते. आमची खोली तळघरात आहे. डॉक्टरांचा माऊस चालेनासा झाला की ते आम्हाला फार काकुळतीला येऊन फोन करतात. मी वर जाते, टेबलाच्या पायाखाली अडकलेली माऊसची वायर सोडवते आणि परत खाली येते. तेव्हा त्याच लाइनमध्ये आहे असं म्हणायला हरकत नव्हती. मी रविवारी येते म्हणाले आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडले, कारण निदान एकदा तरी आढेवेढे घ्यायला हवे होते.

आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. 'आमचा' हा शब्द मी सवयीने वापरते. कागदोपत्री तो बाबांचा आणि दादाचा आहे, आणि भांडण त्यावरूनच झालं. कॉलेज संपल्यापासून मी तिथेच राबत होते. गिऱ्हाईक बरणी किंवा बूट किंवा दिव्याची काच घेऊन यायचं, मी मोजमाप घेऊन कंप्यूटरवर खोक्याचं ड्रॉइंग करायची, दादा माल पोचवायचा आणि वसुली करायचा, बाबा सगळ्यांवर ओरडायचे. कामाची वाटणी कशी झाली हे कोणी ठरवलं नव्हतं, पण ती चालली होती. मग एक दिवस वकिलाने भागीदारीचे नवे कागद केले. त्यात बाबा होते, दादा होता. मी विचारलं, माझं नाव कुठे आहे. बाबा म्हणाले, तुला इथे काय कमी आहे. त्याचं उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला असता, म्हणून मी दुसरी नोकरी धरली.

रविवारी सकाळी मी पोचले. खाली कारखाना, वर घर. जिन्याखाली पुठ्ठ्याचे गठ्ठे तसेच छतापर्यंत रचलेले, खळीचा तोच वास. मध्यभागी एक नवं मशीन उभं होतं, चांगलं दोन पलंगांएवढं, अजून अर्धं प्लास्टिकात गुंडाळलेलं. वहिनी त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवून घड्या घालत होती. वहिनी मला वन्सं म्हणते आणि म्हणताना तिला स्वतःलाच हसू येतं. त्या दिवशी ती हसली नाही. हळूच म्हणाली, "बरं झालं आलीस. हे दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीयेत."

बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हाताने कप्पे जोडत होते. बरण्या एका खोक्यात भरल्या की एकमेकींवर आपटून फुटतात, म्हणून मध्ये पुठ्ठ्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्या एकमेकींत अडकवून बसवतात. प्रत्येक बरणीला आपला कप्पा. बाबांचं सगळं आयुष्य त्या पट्ट्यांत गेलंय. खोकं तयार झालं की ते कानाशी धरून हलवतात. आतून टक्क आवाज आला तर ते खोकं कोणी केलं त्याची धडगत नसते.

"आलीस," बाबा म्हणाले. मान वर केली नाही. पट्टीलाच म्हणाल्यासारखे म्हणाले.

काय घडलं ते दादाने मला काचेच्या केबिनमध्ये बसवून सांगितलं. पूर्वी प्रत्येक मापाच्या खोक्यासाठी लोखंडी साचा करून घ्यावा लागायचा. नवं मशीन कंप्यूटरवरचं ड्रॉइंग बघून थेट पातं फिरवतं आणि पुठ्ठा कापतं. दादाने ते चाचणीसाठी आणलं होतं, म्हणजे चाललं तर ठेवायचं, नाहीतर परत. एका मधवाल्या कंपनीला सहा बरण्यांची खोकी हवी होती, चांगली वर्षभर पुरेल एवढी मोठी ऑर्डर, आणि तिचा नमुना सोमवारी सकाळी द्यायचा होता. साचे करणारा आता म्हातारा होऊन मुलाकडे राहायला गेला होता. म्हणजे मशीन चाललं नाही तर नमुना नाही, नमुना नाही तर ऑर्डर नाही. बाबा म्हणत होते, ऑर्डर नसेल तर खाली कुलूप लावू आणि जागा भाड्याने देऊ. ते हे रागाने म्हणत नव्हते, आणि दादाला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

आणि मशीन चालत नव्हतं, कारण त्याचं सॉफ्टवेअर कंप्यूटरवर बसत नव्हतं.

"म्हणजे बसतं," दादा म्हणाला. "पण बसत नाही."

मी त्याला म्हटलं, मला करून दाखव. तो इतक्या सफाईने करत गेला की आठवडाभर त्याने दुसरं काही केलं नसावं हे माझ्या लक्षात आलं. कंपनीने दिलेली पेनड्राइव्ह लावली, सॉफ्टवेअर बसवायला घेतलं, हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटपर्यंत गेली. अभिनंदन आलं. खाली सूचना आली की पेनड्राइव्ह काढा आणि कंप्यूटर पुन्हा सुरू करा. दादाने काढली, सुरू केला, सॉफ्टवेअर उघडलं. एरर तेराशे सत्तावीस. अवैध ड्राइव्ह: ई.

"पेनड्राइव्ह न लावता बसवून बघितलंस? फायली आधी कंप्यूटरवर उतरवून?"

बघितलं होतं. तर तेवढंही होत नव्हतं. पहिल्याच पायरीला तेच तेराशे सत्तावीस. मशीनच्या कंपनीचा सपोर्टवाला फोनवर म्हणाला, तुमचा कंप्यूटर खराब आहे. कंप्यूटरवाला म्हणाला, त्यांचं सॉफ्टवेअर खराब आहे. दोघंही फार आपुलकीने बोलले, असं दादाचं म्हणणं होतं. मग गुरुवारी त्याने वैतागून वहिनीची गाण्यांची पेनड्राइव्ह लावली, आणि सॉफ्टवेअर उघडलं.

"गाण्यांची का लावलीस?"

"कंटाळा आला होता म्हणून गाणी ऐकत होतो."

तेव्हापासून दादाची खात्री झाली होती की त्या पेनड्राइव्हमध्ये काहीतरी आहे. ती लावली की सॉफ्टवेअर उघडतं, काढली की मरतं. शुक्रवारी वहिनी ती गाडीत लावून बाजारात घेऊन गेली तेव्हा मशीन मधल्या मध्ये थांबलं आणि पातं पुठ्ठ्यात रुतून बसलं. त्यावरून घरात जे झालं त्याचे दोन तपशील वहिनीने मला नंतर सांगितले, पण तेवढ्यावरून अंदाज येतो. त्यात भर म्हणजे पेनड्राइव्हमध्ये आता गाण्यांच्या मध्येमध्ये मधाच्या बरण्यांच्या फायली दिसत होत्या. जुन्या गाण्यांच्या फोल्डरशेजारी 'कटर सेटिंग' नावाचा फोल्डर.

"मग तीच लावून उद्याचा नमुना काप," मी म्हटलं.

ते त्याने शनिवारी करून पाहिलं होतं. तीन रेघा कापून झाल्या की सॉफ्टवेअर परवाना शोधायला जायचं, तो पहिल्या, कंपनीच्या पेनड्राइव्हवर असायचा. पहिली लावली तर सेटिंग दुसरीवर. दोन्ही लावल्या तर दुसरीला सॉफ्टवेअर ओळखच दाखवत नव्हतं.

मी खुर्ची ओढून घेतली आणि ड्राइव्ह उघडून पाहिले. सी होती. डी होती. बास.

"ई कुठे आहे?"

"कुठली ई?" दादा म्हणाला, पण त्याने माझ्याकडे बघून म्हटलं नाही.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. हा कंप्यूटर घेतला तेव्हा बाबांनी त्याच्याकडे एका मोठ्या खोक्याच्या नजरेने पाहिलं आणि दुकानदाराला सांगितलं, आत कप्पे करून द्या. दुकानदाराने विचारलं, किती. बाबा म्हणाले, तीन. एक कारखान्याचा, एक मोठ्याचा, एक धाकटीचा. एकात सगळं भरलं की वस्तू एकमेकींवर आपटतात. दुकानदार म्हणाला, कंप्यूटरमध्ये काही आपटत नाही. बाबा म्हणाले, तुम्हाला काय माहीत. आणि त्यांनी ते करून घेतलं. सी म्हणजे कारखाना, तिथे कोणी आपलं काही ठेवायचं नाही. डी वर 'मोठा' असं लिहिलं. ई वर 'धाकटी'. डी आणि ई अगदी सारख्या मापाच्या, कारण कप्पे लहानमोठे झाले तर खोकं एका बाजूला कलतं, असं बाबांचं मत. तेव्हा त्यांचं मत असं होतं.

ड्रॉइंगचं सगळं काम मीच करत असल्यामुळे मी कंप्यूटरला सांगून ठेवलं होतं की कुठलीही फाइल ठेवायची झाली तर ई वर जा. नवं काही बसवायचं असेल तर आधी ई वर जाऊन बघ. बाबांच्या शिस्तीत वाढलेली मुलगी दुसरं काय करणार.

दादाने मग सांगितलं. मी गेल्यावर डी भरत आली होती आणि ई नुसती पडून होती. त्याने एक व्हिडिओ बघून ई पुसली आणि तेवढी जागा डी ला जोडून घेतली. बाबांना विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, जागा अडवून कशाला ठेवायची.

"तुझं सगळं जपून ठेवलंय हं," दादा घाईघाईने म्हणाला. "एक फाइल फेकली नाही."

खरंच फेकली नव्हती. माझी सगळी खोकी, बुटांची, दिव्यांची, बाटल्यांची, इतक्या वर्षांची, डी मध्ये एका फोल्डरात होती. फोल्डरचं नाव होतं 'जुनं सामान'.

मला वाईट वाटलं, आणि दादासमोर ते दिसू नये म्हणून मी कंप्यूटरवाल्याच्या आवाजात बोलायला लागले. त्याला समजावलं की गाण्यांच्या पेनड्राइव्हमध्ये काही जादू नाही. ई हे अक्षर मोकळं पडलंय, म्हणून जी पेनड्राइव्ह पहिल्यांदा लावशील तिला कंप्यूटर ते अक्षर देतो. सॉफ्टवेअर ई वर जातं, तिथे कोणीतरी सापडतं, ते खूश होऊन आपलं सामान तिथे उतरवतं. तू पेनड्राइव्ह काढतोस. ते पुन्हा ई वर जातं, तिथे कोणीच नसतं. मग ते तेराशे सत्तावीस म्हणतं.

दादाने हे ऐकून घेतलं. "म्हणजे कंप्यूटर चांगला आहे."

"चांगला आहे."

"सॉफ्टवेअरही चांगलं आहे."

"तेही चांगलं आहे."

"मग खराब काय आहे?" दादाने विचारलं. मी त्याच्याकडे बघितलं.

दुरुस्तीचे दोन रस्ते होते. पहिला सरळ होता, हॉस्पिटलात मी तोच केला असता. कंप्यूटरच्या पोटात एक जागा असते, कुठली गोष्ट कुठे ठेवायची ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे जिथे जिथे ई आहे तिथे डी करायचं. चहा होईपर्यंत काम संपतं. दुसरा रस्ता म्हणजे डी आखडून लहान करायची, उरलेल्या जागेत नवी ई करायची. त्याला जास्त वेळ लागतो, आणि आधी दादाला विचारावं लागलं असतं. मला कोणाला काही विचारायचं नव्हतं. मी पहिला रस्ता धरला.

आत शोध लावला की एक एक ओळ समोर यायची. खोक्यांची ड्रॉइंग: ई. छापायच्या फायली: ई. बरण्यांची मापं: ई. ही सगळी माझ्या हातची सेटिंग होती. एकेका ओळीवर जाऊन मी ई च्या जागी डी लिहीत होते. माणसाने दुसरीकडे राहायला गेल्यावर दारावरची पाटी स्वतः येऊन काढून न्यावी, तसं ते होतं. मी काम नीट करत होते. हॉस्पिटलात माझ्या कामाला कोणी नावं ठेवत नाही.

बाबा केबिनच्या दारात येऊन उभे राहिलेले मला काचेत दिसले. हातात अर्धवट जोडलेले कप्पे तसेच होते.

"काय झालंय याला?" त्यांनी दादाला विचारलं. आठवडाभरानंतरचा हा पहिला प्रश्न असावा, कारण दादा उठून उभा राहिला. त्याला जेवढं कळलं होतं तेवढं त्याने सांगितलं आणि त्यातही अर्धं उलटंसुलटं केलं. बाबांनी मग मला विचारलं.

"कप्पा काढून टाकलाय," मी म्हटलं. "पण याला ते कोणी सांगितलं नाही. हा अजून तिथेच जातो."

"अजून?"

"दर वेळी."

बाबा स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं, चष्मा स्टुलावर राहिला होता. "आणि तू आता काय करते आहेस?"

"त्याला सांगते आहे की तिथे आता कोणी राहत नाही, मोठ्याकडे जा."

वहिनी चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवले आणि गेली नाही.

बाबा म्हणाले, "त्यापेक्षा कप्पाच परत करून दे ना. होतो का?"

मी म्हटलं, होतो. डी मधून जागा काढावी लागेल. बाबांनी मान हलवली आणि हातातल्या पट्ट्यांकडे बघत म्हणाले, "मग काढ थोडी. थोडी पुरे. तुला तरी आता इथे काय ठेवायचंय."

ते वाईट हेतूने म्हणाले नव्हते. बाबा वाईट हेतूने कधीच काही म्हणत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नाही. पण माझं डोकं फिरलं. मी माऊस सोडून दिला.

"थोडी नको, बाबा. थोडी मला आधीही होती. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या नंतर वर जेवायला जायचं, आणि कागद करताना तुला काय कमी आहे. कमी काय होतं ते तुम्हाला आज सांगते. माझं नाव कमी होतं. यात जागा देताय, त्या कागदांत देणार आहात का? देणार नसाल तर मी आत्ता हे सगळं डी करते, तुमचं मशीन चालेल, उद्या नमुना जाईल, आणि पुन्हा कधी कंप्यूटर बिघडला तर सपोर्टवाल्याला फोन करा."

एवढं मी आयुष्यात बाबांशी सलग बोलले नव्हते.

बाबा म्हणाले, "कागद झाले आता. त्यात मोठ्याचं नाव लागलं."

"ते बदलता येतात. हे बघा, इथे बदलता येतात तसेच तिथे येतात. आधी असलेली जागा लहान करायची, मग मोकळ्या जागेत नवी करायची."

"आणि डी मधलं काय जातं?" हे दादाने विचारलं. तो भिंतीला टेकून उभा होता.

"काही जात नाही. तुझं सगळं तुझ्याकडेच राहतं. फक्त जागा कमी होते."

दादाने गाण्यांची पेनड्राइव्ह उचलून खिशात टाकली. मग म्हणाला, "जागा दुप्पट केली होती मी. ती तशीच मोकळी पडलीय." त्याने पुढेही सांगितलं. बाबांना नाही, मला नाही, मधल्या टेबलाला. "मला एकट्याला जमत नाहीये. ड्रॉइंग बाहेरून करून आणतो, ती चुकतात. बूटवाले गेले, दिवेवाले गेले. मी कुणाला सांगितलं नाही. मशीन आणलं ते याच्यासाठीच, की मशीन करेल."

बूटवाले गेल्याचं बाबांना माहीत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. वहिनीला माहीत होतं. ती चहाच्या कपांकडे बघत होती.

दादा माझ्याजवळ आला. "सरक," म्हणाला. मी सरकले. तो खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसला, लहानपणी एका खुर्चीत दोघं बसायचो तसा, आणि त्याने विचारलं, कुठे दाबायचं. मी सांगत गेले, तो दाबत गेला. डी वर जाऊन 'आकार कमी करा' उघडलं. कंप्यूटरने विचारलं, किती कमी करायचं. चौकोनात आकडा टाकायचा होता.

"अर्धं म्हणजे किती होतं?" दादाने विचारलं.

मी बाबांकडे बघितलं नाही. दादानेही बघितलं नाही. मी आकडा सांगितला आणि तो एका बोटाने एकेक अंक टाकत गेला. मग त्याने वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "दाबा आता, चहा थंड होतोय." त्याने दाबलं.

डी च्या पट्टीचा अर्धा भाग काळा झाला. तिथे मी नवा कप्पा करायला घेतला तेव्हा कंप्यूटरने अक्षर कुठलं हवं ते विचारलं, आणि पहिलंच अक्षर पुढे केलं, ई. नाव विचारलं तिथे मी 'ड्रॉइंग' लिहिणार होते. बाबा मागून म्हणाले, "आधी काय होतं ते लिही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, ओरडण्याच्या जरा खाली. मी 'धाकटी' लिहिलं. मग मी मघाशी डी केलेल्या ओळी एकेक करून पुन्हा ई केल्या, आणि 'जुनं सामान' उचलून तिकडे नेलं. ते बराच वेळ जात राहिलं. पट्टीवर एकेका खोक्याचं नाव येऊन जायचं आणि बाबा चष्मा आणून ती वाचत होते. "हे अत्तराच्या बाटल्यांचं," ते मध्येच म्हणाले. "हे चांगलं झालं होतं."

सॉफ्टवेअर बसवलं. अभिनंदन आलं. पेनड्राइव्ह काढा म्हणाला, काढली. कंप्यूटर पुन्हा सुरू होईपर्यंत चौघंही केबिनमध्ये उभे होतो, आणि केबिन दोघांची आहे. दादाने सवयीने गाण्यांची पेनड्राइव्ह खिशातून काढून हातात धरली होती. वहिनीने ती काढून घेतली. सॉफ्टवेअर उघडलं. तेराशे सत्तावीस आला नाही. एक कोरा पांढरा पुठ्ठा स्क्रीनवर आला आणि माप विचारू लागला.

मधाच्या बरण्या षटकोनी होत्या, आणि बाहेरून आणलेल्या ड्रॉइंगमध्ये त्यांना गोल समजून कप्पे काढले होते. मी मधाची बरणी टेबलावर ठेवून माप घेतलं आणि नवं ड्रॉइंग केलं, पट्ट्यांना कोपऱ्यात चिमट्यासारखी एक घडी ठेवून, म्हणजे बरणी फिरली तरी हलणार नाही. इस्त्रीचे कपडे मशीनवरून निघाले. पातं पुठ्ठ्यावरून गेलं, आवाज फारसा न करता. बाबा इतक्या जवळ वाकून बघत होते की दादाने त्यांना दंडाला धरून मागे घेतलं.

खोकं बाबांनीच जोडलं. दुसऱ्या कोणी हात लावायचा प्रश्नच नव्हता. सहा बरण्या भरल्या, झाकण बंद केलं, दोन्ही हातांनी उचलून कानाशी धरलं आणि हलवलं. एकदा हलवलं. मग जोरात हलवलं. आम्ही सगळे ऐकत होतो. काहीही आपटलं नाही.

बाबांनी खोकं खाली ठेवलं आणि झाकणावरून हात फिरवला. मला वाटलं ते खोक्याबद्दल काहीतरी बोलतील.

"तुला हॉस्पिटलात सकाळची सुट्टी मिळते का गं?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"वकील दुपारी भेटत नाही."

मी दादाकडे पाहिलं. तो खाली वाकून पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करत होता, पण त्याने मान हलवली. मी म्हटलं, अर्धा दिवस मिळेल. बाबा म्हणाले, मग मंगळवारी जाऊ, उद्या तुमचा नमुना आहे. तुमचा म्हणाले. मग ते वर जेवायला गेले, आणि जिन्यावरून ओरडले की केबिनचा दिवा विनाकारण चालू आहे.

सोमवारी मी हॉस्पिटलात अर्ध्या दिवसाची रजा मागितली. आमच्या साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कारखान्याचे कागद करायचे आहेत.

"कोणाचा कारखाना?" साहेबांनी विचारलं.

"आमचा," मी म्हणाले.